बिनआभाराची रोपं

आमच्या सुखोना नदीकाठच्या गावात कुणी बी दिलं, रोप दिलं, तर घेणाऱ्यानं आभार मानायचे नसतात. नाक मुरडावं, 'काय हे मरतुकडं' म्हणावं, पिशवीत टाकावं आणि चालू लागावं. आभाराचा शब्द कानावर पडला की रोप मान टाकतं. उलट चोरून आणलेलं रोप दगडावर ठेवलं तरी मूळ धरतं. हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. दात येतात तसं येतं. खालच्या आळीतल्या एका बाईनं नगरपालिकेच्या बागेतून एक फांदी चोरली आणि कोटाच्या खिशात विसरली, तर वसंतात त्या कोटाला कळ्या आल्या. बिचारीला कोट घालता येईना आणि फेकवेनाही. सप्टेंबरपर्यंत ती खुंटीवरच्या कोटाला झारीनं पाणी घालत होती. कोट अजून आहे, संशय असेल त्यानं जाऊन बघावा.

तर नदीच्या धक्क्याजवळ एक दुमजली लाकडी घर आहे. वरच्या मजल्यावर तीन खोल्या आणि तिघांत मिळून एक स्वयंपाकघर. पहिल्या खोलीत कापितोलिना येगोरोव्हना राहायची. तीस वर्षं ती जवसाच्या डेपोत वजनकाट्यावर होती. लोक वाखाच्या गठ्ठ्यांत दगड दडवून आणत आणि ती ते शोधून काढी. निवृत्त झाल्यावर डेपो सुटला, दगड शोधायची सवय मात्र सुटली नाही. कुणी 'आज थंडी आहे' म्हटलं तरी ती आधी ते वाक्य चाचपून बघे.

समोरच्या खोलीत ग्लाफिरा साव्विश्ना. तिनं सार्वजनिक न्हाणीघराच्या खिडकीत बसून निवृत्त होईपर्यंत तिकिटं फाडली. गावात कोण किती दिवसांनी अंघोळ करतं हे तिला तोंडपाठ होतं, आणि तोंडपाठ असलेलं ती तोंडात ठेवत नसे. मधल्या खोलीत प्रोखर लुकिच, आगबोटीवरचा म्हातारा सुकाणूवाला. त्याला दोघी जेवायला बोलवत, ते दुसरीच्या स्वयंपाकाची निंदा ऐकायला मिळावी म्हणून. तो सूप दोन्हीकडचं प्यायचा आणि निंदाही दोन्हीकडची करायचा, त्यामुळे त्याची तब्येत उत्तम होती.

दोघींचं वैर एकोणीस वर्षांचं. ग्लाफिरा शहरातून नवीन राहायला आली, त्या वसंतात कापितोलिनानं शेजारधर्म म्हणून तिला पॅन्सीची सहा रोपं दिली. ग्लाफिरानं दोन्ही हात छातीशी धरले आणि साऱ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात मनापासून आभार मानले. तिसऱ्या दिवशी ती सहा रोपं मेली. चौथ्या दिवशी कापितोलिनाच्या खिडकीतली उरलेली चाळीसही आडवी झाली. कापितोलिनानं गठ्ठा चाचपला आणि तिला त्यात दगड सापडला: या बाईनं हे मुद्दाम केलं. तेव्हापासून दोघी एकमेकींना 'तुम्ही' म्हणत, पूर्ण नावानं हाक मारत, आणि एकमेकींना तळतळाट देत.

भांडणाचं मुख्य रणांगण म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीचा कट्टा. आमच्याकडे जूनपर्यंत जमीन गोठलेली. फुलं हवी असतील तर फेब्रुवारी-मार्चमध्ये घरातच बी टाकायचं आणि खिडकीत रोपं वाढवायची. या मजल्यावर दक्षिणेची खिडकी एकच. प्रोखर लुकिचनं नदीची खोली मोजायच्या काठीनं कट्टा मोजून मधोमध खिळा ठोकला होता. डावीकडे ग्लाफिरा, उजवीकडे कापितोलिना. खिळ्यावरून कुणाचं पान पलीकडे गेलं तर ते कात्रीनं कापायचा दुसरीला हक्क होता, आणि दोघींच्या कात्र्या ॲप्रनच्या खिशात तयार असत.

त्या वर्षी कापितोलिनाची काळजी वेगळी होती. तिच्या आईच्या ॲस्टरचं बी संपत आलं होतं. हे ॲस्टर बाजारात मिळत नाहीत: फूल इतकं गडद की लाल म्हणावं तर काळं वाटतं, आणि देठ उगवतानाच करवंदाच्या रंगाचा. आईनं ते माहेरून पदरात बांधून आणले होते. आई गेली, माहेरचं गाव धरणाखाली गेलं, पण ॲस्टर दर सप्टेंबरला आईच्या थडग्यावर उभे राहत. मात्र मागचे दोन्ही शरद ऋतू दगाबाज निघाले. बी पिकायच्या आत हिमकडाका पडला. आता काड्यापेटीत सतरा बिया होत्या आणि त्यांचं हे तिसरं वर्ष. ॲस्टरचं बी तीन वर्षांपलीकडे उगवत नाही. म्हणजे यंदा उगवले तर उगवले, नाहीतर जगातून गेले. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पण ग्लाफिराला माहीत होतं, कारण प्रोखर लुकिचला माहीत होतं.

थंडीही त्या वर्षी बेतालच होती. जानेवारीत प्रोखर लुकिच दाराबाहेर शिंकला, ती शिंक जागच्या जागी गोठली आणि मार्चपर्यंत लोक तिला वळसा घालून जात होते. ग्लाफिरानं फेब्रुवारीतच पिटुनिया पेरून केफिरचे, म्हणजे आंबट दुधाचे, चाळीस पुठ्ठ्याचे डबे आपल्या बाजूला रचले. कापितोलिना थांबली. मार्चचा चढता चंद्र आला तेव्हा तिनं शरदातच बादलीत भरून ठेवलेली माती भट्टीत भाजली. किडे मरतात आणि घरभर असा वास सुटतो, की जणू कुणी जुनी पायवाट तळतंय. ग्लाफिरानं त्यावर विचारलं की कापितोलिना येगोरोव्हनांकडे आज पाहुणे येणार आहेत का, जेवणाचा बेत जोरदार दिसतो. कापितोलिना म्हणाली की हो, पण पाहुण्यांनी अंघोळ कधी केली हे विचारून मगच बोलावणार आहे, तुमच्याकडे यादी असेलच.

मग तिनं माती खोक्यात भरून जांभळ्या औषधाच्या पाण्यानं भिजवली, वर बोटभर ताजं बर्फ पसरलं आणि त्या बर्फावर सुईच्या टोकानं एकेक बी ठेवलं. बर्फ वितळतं आणि बी आपल्या मापानं मातीत ओढून नेतं. तसं माणसाच्या बोटाला जमत नाही. पांढऱ्यावर सतरा काळे ठिपके. ती डोळे दुखेपर्यंत बघत राहिली, मग काच झाकली.

अकरा उगवले. करवंदी देठ, दोन-दोन इवली पानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लाफिरा चहाची किटली घेऊन आली, खोक्यावर वाकली आणि गोड आवाजात म्हणाली, "कापितोलिना येगोरोव्हना, किती देखणी रोपं ही. डोळे निवले. अगदी मनापासून आभारी आहे."

कापितोलिनाच्या हातातली पळी सुपात पडली. पण तीही डेपोतली बाई. ती पिटुनियांच्या चाळीस डब्यांसमोर उभी राहिली आणि प्रत्येक डब्याचे वेगळे आभार मानले, सावकाश, कुणी राहू नये अशा बेतानं. त्यानंतर रोज सकाळी त्या स्वयंपाकघरात असं सौजन्य चाले की परका माणूस ऐकून रडला असता. प्रोखर लुकिचनं दोन तावदानांमध्ये थंडीसाठी भरलेला कापूस थोडा उपटून कानात घातला. आभाराच्या माऱ्यानं पिटुनियांचे सात डबे गेले. ॲस्टर मात्र करवंदी माना ताठ ठेवून उभे राहिले.

तेव्हा शस्त्रं बदलली. खिडकीला वर हवेसाठी छोटी झडप असते. कापितोलिना पाणी आणायला गेली की ती झडप आपोआप उघडी राही आणि बाहेरचे उणे वीस अंश थेट ॲस्टरवर उतरत. मग पिटुनियांच्या अगदी शेजारी कापितोलिनाचा कोबीचा हंडा उकळू लागे, चार-चार तास. दोघी एकमेकींना विचारत की काही त्रास तर होत नाही ना.

आणि एका दुपारी कापितोलिनानं खोकं बघितलं तर रोपं आठ.

तिनं पुन्हा मोजली. वाकून बघितलं. तीन जागी माती नुकतीच दाबलेली होती, बोटाच्या मागच्या बाजूनं, नीटनेटकी. ग्लाफिरा चुलीपाशी पोळा उलटत होती.

"तीन कुठं गेले?"

"मला काय विचारता," ग्लाफिरा पाठ न वळवता म्हणाली. "उंदरानं नेले असतील."

"उंदीर मुळासकट उपटून खड्डा बुजवत नाही."

"हल्लीचे उंदीर शिकलेले असतात, कापितोलिना येगोरोव्हना."

कापितोलिनाला सगळं लख्ख कळलं. चोरलेलं रोप फोफावतं. म्हणजे आता आईचे ॲस्टर या बाईच्या घरात फोफावणार, आणि सप्टेंबरमध्ये ती ते काचेच्या भांड्यात घालून गल्लीच्या खिडकीत मांडणार. ही तीन नेली, उद्या तीन नेईल. तिनं खोकं उचललं आणि आपल्या खोलीत नेलं. तिची खिडकी उत्तरेची, भिंतीला दंव. पण विश्वास नसलेल्या माणसाला उजेडापेक्षा कुलूप जवळचं. तिनं खोक्यावर काच ठेवली, खोकं कपड्यांच्या मोठ्या पेटीत ठेवलं, आणि किल्ली गळ्यात अडकवली. दिवसातून दोनदा पेटी उघडून ती टेबलावरच्या दिव्याखाली रोपं धरायची, मोजायची, आठ भरली की पुन्हा कुलूप लावायची.

चौथ्या दिवशी आठही भरली, पण दोन आडवी होती. देठ मातीपाशी काळा पडून दोऱ्यासारखा बारीक झाला होता. याला आमच्याकडे 'काळा पाय' म्हणतात. कोंदट ओल आणि बंद हवा मिळाली की तो येतो, आणि आला की मुक्कामाला येतो. तिनं चुलीतली राख चाळून टाकली, काच काढली, खोकं छातीशी धरून स्वयंपाकघराच्या खिडकीत पळाली. संध्याकाळी तीन उरली. सकाळी एकही नाही.

तिला रडू आलं नाही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या गठ्ठ्यांतले दगड शोधले, आणि या खेपेला दगड आपल्याच पेटीत, आपल्याच कुलपाखाली सापडला होता. रिकाम्या काड्यापेटीत तिनं बोट फिरवलं, कोपऱ्यात एखादी बी अडकली असेल म्हणून. नव्हती.

प्रोखर लुकिचनं बातमी आणली. त्याला ग्लाफिराकडे मासे भरलेला पाव खायला बोलावलं होतं. तिची खिडकी पूर्वेची; तिथं तीन डब्यांत तीन रोपं आहेत, देठ करवंदी, पेन्सिलीएवढे जाड, आणि इतकी माजलेली की ग्लाफिरा त्यांच्यावर टॉवेल वाळत घालते. टॉवेलाचं त्यानं मनाचं घातलं असावं. पण पेन्सिलीवर त्यानं शपथ घेतली.

आता कापितोलिनासमोर असा पेच पडला की तो कुणा शत्रूवर पडू नये, असं आम्ही म्हणतो. पण तिच्या मते तो पडायला ग्लाफिराच योग्य होती. मागायला जावं तर ती देईल. हसत देईल, जिन्यात उभी राहून, सगळ्यांदेखत, आणि शहरी पद्धतीनं वाट बघेल की आता ही काय म्हणते. मग एक शब्द तोंडातून निसटायचा अवकाश. बरं, चोरावं तर ग्लाफिरा खोली सोडताना कुलूप दोनदा ओढून बघे. तीन दिवस कापितोलिना बोळातून येरझारा घालत होती. चौथ्या दिवशी तिनं दार ठोठावलं.

ग्लाफिरानं दार वीतभर उघडलं. तिच्या खांद्यावरून खिडकी दिसत होती. तीन डबे दिसत होते. टॉवेल नव्हता.

"मागायला आलीस?" ग्लाफिरानं विचारलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा 'तू'.

"मी मागत नाही," कापितोलिना म्हणाली.

"बरं करतेस. मागितली असतीस तर दिली असती. हातात ठेवली असती. आणि बघितलं असतं, किती दिवस काढतात."

कापितोलिनाची नजर डब्यांवरून हलेना.

"मला कुणी सांगितलं नव्हतं," ग्लाफिरा अचानक म्हणाली, आणि तिचा आवाज तिकिटाच्या खिडकीतून आल्यासारखा कोरडा झाला. "आमच्या घरी कुणी काही दिलं की आभार मानायचे, नाही मानले तर आई कानाखाली द्यायची. नवीन जागा, कुणी ओळखीचं नाही, आणि एक बाई सहा रोपं घेऊन आली. मी आभार मानले. पुढं काय केलंस? पाणी सांडलंस माझ्या उंबऱ्यावर. हे असं असतं एवढं सांगायला किती शब्द लागले असते?"

कापितोलिना चाचपत राहिली. या गठ्ठ्यात दगड असायलाच हवा होता. तिला तो सापडेना, आणि त्याचा तिला भयंकर राग आला.

"शहरात राहूनही अक्कल आली नाही, त्याला मी काय करू," ती म्हणाली.

"जवसाच्या भुशानं तुझं डोकं भरलंय, त्याला मी काय करू," ग्लाफिरा म्हणाली. "उद्या गुरुवार. न्हाणीघर त्या दिवशी बायकांचं. दोन ते पाच मी नसते. कालपासून हे कुलूप नीट लागत नाही. माझ्या एकाही वस्तूला हात लागला तर पोलिसात जाईन, लक्षात ठेव." आणि तिनं दार असं आपटलं की स्वयंपाकघरातली झाकणं वाजली.

गुरुवारी दोन वाजून पाच मिनिटांनी कापितोलिना लोकरी मोज्यांवर बोळ ओलांडून गेली. प्रोखर लुकिच बोळातच स्टूल टाकून बसला होता. त्यानं मान मागं टाकून छताचं निरीक्षण सुरू केलं आणि आगबोटीची शिट्टी तोंडानं वाजवायला घेतली. दार ढकललं की उघडलं. तीन डबे खिडकीच्या कडेला, दाराच्या बाजूला सरकवून ठेवलेले होते, माती ओली होती आणि प्रत्येक डब्याला चालताना धरायला दोरी बांधलेली.

कापितोलिनाला ते आवडलं नाही. दोऱ्या बांधून ठेवलेली चोरी ही काय चोरी? याचा असर होईलच असं कुणी सांगावं? म्हणून तिनं इकडेतिकडे बघितलं आणि ग्लाफिराची सगळ्यात धष्टपुष्ट पिटुनिया, दुहेरी पाकळीची, जिच्यासाठी ग्लाफिरानं शहरातल्या बहिणीला तीन पत्रं लिहिली होती, तीही काखेत मारली. आता काम खरं झालं. जन्मात इतकं तरुण तिला कधी वाटलं नव्हतं.

पाच वाजता ग्लाफिरा लालबुंद होऊन, डोक्याला पंचा, हातात भूर्जाच्या डहाळ्यांची जुडी अशी परतली. आत गेली. मग ती स्वयंपाकघरात आली. उजव्या कट्ट्यावर तीन ॲस्टर होते आणि त्यांच्या शेजारी पिटुनिया.

"चोर," ती म्हणाली. "तीनचं बोलणं होतं."

"कसलं बोलणं? आपलं काही बोलणं झालेलं नाही."

"पिटुनिया माझी आहे."

"उंदरानं आणून ठेवली असेल," कापितोलिना म्हणाली. "शिकलेला होता."

आणि तेवढ्यात तिला जाणवलं की एक शब्द घशातून वर येतोय. कुठून आला कोण जाणे. आईनं लहानपणी ठेवलेला असेल. तो जिभेवर आला, दातांपाशी आला, आणि तिच्या पाठीमागं तीन रोपं उभी होती, त्यांना कान होते. तिनं ओठ घट्ट मिटले. ग्लाफिरा तिच्या तोंडाकडे रोखून बघत होती. कापितोलिनाचा चेहरा आधी लाल झाला, मग निळा, डोळ्यांत पाणी आलं. शेवटी तिनं तो शब्द औषधाच्या गोळीसारखा गिळला आणि जे हाती लागलं ते बाहेर फेकलं:

"तिकिटं फाडणारी भवानी. आयुष्यभर लोकांच्या अंघोळी मोजल्यास, स्वतःच्या जिभेला कधी साबण लावला नाहीस."

ग्लाफिरानं श्वास सोडला. भूर्जाची जुडी खुंटीला अडकवली. "तुझा डबा खिळ्याच्या अलीकडे आलाय," ती म्हणाली, आणि खिशातली कात्री चाचपली.

जूनच्या दहा तारखेनंतर, शेवटचं दंव पडून गेल्यावर, ॲस्टर आईच्या थडग्यापाशी लावले गेले. ते किती वाढले यावर गावात एकमत नाही. प्रोखर लुकिचच्या म्हणण्यानुसार नदीतल्या आगबोटी त्यांच्यावरून वळण ओळखत. फूल इतकं गडद होतं की स्मशानाच्या राखणदाराच्या कोंबड्या भरदुपारी तिथं येऊन झोपायच्या. त्यांना वाटायचं दिवस मावळला. शरदही लांबला. ऑक्टोबरात कापितोलिनानं बी चोळून, फुंकून, निवडून ठेवलं. काड्यापेटी गच्च भरली.

ती पेटी तिनं कुलपात ठेवली. मग काढली. मग पुन्हा ठेवली. असं आठवडाभर चाललं. नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी ती बोळात उभी राहिली आणि कुणाला उद्देशून नव्हे अशा आवाजात म्हणाली की ती आज न्हाणीघरात चालली आहे. एकोणीस वर्षं त्या खिडकीतून तिकीट घ्यायला लागू नये म्हणून ती घरीच तसराळ्यात अंघोळ करत होती, ग्लाफिरा निवृत्त झाल्यावरही. त्यामुळे प्रोखर लुकिच स्टुलावरून पडलाच. दोन ते पाच ती नसणार, ती म्हणाली. काड्यापेटी स्वयंपाकघराच्या खिडकीत, खिळ्याच्या अगदी जवळ राहिली आहे. तिला कुणी हात लावला तर ते हात ती मुळापासून उपटेल.

साडेपाचला ती परतली, ओले केस, गाल तापलेले. पेटी खिळ्याच्या दुसऱ्या बाजूला होती. तिनं दिव्याखाली बिया मोजल्या. तिला वाटलं होतं, दहा-बारा जातील. फार तर पंधरा.

चाळीस गेल्या होत्या.

"हावरट मेली," कापितोलिना म्हणाली, अगदी मनापासून, आणि मागं वळून बघितलं तर समोरच्या खोलीचं दार वीतभर उघडं होतं.